नळीवाले साहेब

शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. माफ करा. पण एवढं खात्रीने लिहिते, की अख्ख्या मुलुंडात आमच्या नळीवाल्या साहेबांइतका हवेचा वैरी दुसरा झाला नसेल.

माझ्या खानावळीत ते दोन्ही वेळा जेवायला यायचे. काम काय, तर तांब्याची पुरुषभर उंच नळी बनवायची. अणूपेक्षा बारीक कणांना पळवणारं मोठं यंत्र असतं, त्याला जोर ही नळी पुरवते. आत हवा राहिली किंवा कुणाचं बोट लागलं, की नळी गेलीच. म्हणून साहेब जेवतानाही ताटवाटी रुमालाने धरायचे, डोक्याला तेल लावायचे नाहीत. शेजारची कुंदा तोंडावर म्हणाली, "ह्यांना मुलगी कोण देणार? मंगळसूत्राआधी हातमोजे मागतील!" साहेब गंभीरपणे म्हणाले, "सुती नकोत. धागे सुटतात."

एकदा कळशी चिंचेने घासताना मी भीतभीत म्हटलं, आणा तुमची नळी, लख्ख करून देते. ते हसले नाहीत. "ताई, आम्हीही आंबटातच धुतो. तुमचं फक्त शेवटी पदराने पुसणं चुकतं." त्यानंतर कळशीला पदर लावायची माझी हिंमत झाली नाही.

नळीत चालतं काय, ते त्यांनी मला मटकीवर शिकवलं. मोड आलेले दाणे परातीत ओळीने मांडले. हे विजेचे कण, सारखे पळणारे. नळीतले कप्पे पुढच्यांना अडवतात, मागच्यांना रेटतात, की घोळके होतात, आणि घोळक्यातून जोर निघतो. मला कळलं. उसळ मात्र संध्याकाळी झाली.

दोन नळ्या सांध्यातून हवा शिरून फुकट गेल्या होत्या. तिसरीही गेली तर काम बंद, नळी परदेशातून आणणार, असं वरून बजावलं होतं. ती तिसरी आठवडाभर भट्टीत तापवत ठेवली, उरलीसुरली हवा ओढून काढायला. साहेब तिच्याजवळून हलेनात. मी डबा धाडायची, तो अर्धा परत यायचा.

चाचणीच्या दिवशी दुपारी ते दारात येऊन उभे राहिले. मला विचारवेना. कुंदाच म्हणाली, "काय हो, किती वेळ टिकली?"

"अजून चालू आहे. पूर्ण जोरावर. वरचे साहेब मला म्हणाले, तू घरी जा, तुझं काम झालं."

मग खाली बसले. नळी आता त्या मोठ्या यंत्राकडे परगावी जाणार, तिच्यामागे आपणही, असं हळूच म्हणाले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "ताई, तुम्ही जेवलात?"

मी जेवले होते. तरी नाही म्हटलं, आणि दोन पानं घेतली.