वर्नरचा सौना आणि लेम्पीचा निकाल

वर्नर पेल्कोनेन माझा शेजारी आहे आणि मला तो अजिबात आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याकडून उगाच कौतुकाची अपेक्षा राहणार नाही.

तांब्याच्या खाणी बंद पडल्यावर आमच्या गावात उरलं ते सुपीरिअर सरोवर आणि त्यावरून येणारा बर्फ. त्या बर्फाशी आम्ही स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवायचं मशीन, घेऊन भांडतो. पहाटे नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करत जाते आणि प्रत्येकाच्या दारासमोर कंबरभर उंचीची भिंत उभी करून ठेवते. मग ज्याचं मशीन आधी सुरू होईल त्याने आपली भिंत फोडायची आणि जाता जाता शेजारच्याचीही. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. गावाची रीतच आहे ती.

वर्नरला मात्र ही रीत म्हणजे थोबाडीत मारल्यासारखी वाटते. एका हिवाळ्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. माझ्या नवऱ्याने, ओन्नीने, न विचारता त्याची भिंत फोडली. टाके निघाल्यावर वर्नरने पहिलं काम काय केलं असेल? मशीनचं बर्फ फेकणारं नळकांडं आमच्या बाजूला वळवलं आणि आमची टपालपेटी बर्फात गाडून टाकली. ओन्नी हसला होता. मी हसले नाही. ओन्नी जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती टपालपेटी आठवली की माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो.

बरं, माणूस अडाणी म्हणावा तर तसंही नाही. आयुष्यभर लाकूड कापायच्या गिरणीत इंजिनं दुरुस्त केली त्याने. पेट्रोल उघड्यावर भरायचं, इंजिन गार झाल्यावरच भरायचं, टाकी काठोकाठ भरायची नाही, सांडलेलं पुसायचं आणि जिथे भरलं त्या जागेपासून मशीन दूर नेऊन मगच दोरी ओढायची, हे तो दुसऱ्याला शिव्या घालून शिकवणार. स्वतःची वेळ आली की मात्र शहाणपण खुंटीला टांगलेलं.

त्या शनिवारी वादळ दुपारी थांबलं. भिंत नेहमीपेक्षा उंच होती. मी माझं मशीन बाहेर काढलं, पाती फिरवायचा दांडा सोडलेला आहे ना पाहिलं, चोक ओढला, रबरी बटण दाबलं आणि दोरीला हिसका दिला. सुरू झालं बिचारं. पलीकडे वर्नर दोरी ओढून ओढून लालबुंद झाला होता. आदल्या दिवशी ओला बर्फ साफ न करता मशीन तसंच उघड्यावर ठेवलेलं, त्यामुळे पाती गोठून बसली होती आणि इंजिनही हूं की चूं करत नव्हतं.

"आलेच मी, थांब," मी ओरडले.

"तू तुझ्या दारातलं बघ, सेल्मा!" तो खेकसला. "माझ्या भिंतीला हात लावलास तर याद राख!"

"मग काय फुंकर मारून उडवणार आहेस?"

मशीन ढकलत तो घरामागच्या अंगणात निघाला. तिथे त्याचा सौना आहे, लाकडी न्हाणीघर. आम्हा फिनलंडहून आलेल्यांकडे शनिवारी तो तापवतातच. धूर निघत होता, म्हणजे भट्टी पेटलेली होती. वर्नरने मशीन ढकलत सौनाच्या बाहेरच्या खोलीत नेलं, कपडे काढायच्या खोलीत. ऊब मिळाली की पाती सुटतील, हा त्याचा हिशोब. असलं डोकं आमच्याच लोकांचं चालतं. मी म्हटलं, जाऊ दे, मरो.

मग तो पुन्हा बाहेर आला आणि पेट्रोलचा लाल डबा घेऊन आत गेला.

त्याच्या सौनाच्या भट्टीचं तोंड त्या बाहेरच्याच खोलीत आहे. आतल्या खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट नाही. मी माझं मशीन बंद केलं, तर आतल्या खोलीच्या एवढ्याशा खिडकीतून लेम्पीचं गाणं ऐकू आलं. लेम्पी त्याची बायको. शनिवारी पहिली आंघोळ तिची असते.

मी गुडघाभर बर्फातून धावले. माझ्या वयाला ते शोभत नव्हतं. दार ढकललं तर हा बाबा टाकीचं झाकण उघडून डबा कलता करत होता आणि हातभर अंतरावर भट्टीत लाकडं फुलली होती.

मी त्याच्या हातातून डबा हिसकावला, बूच लावलं आणि बाहेर दूर बर्फात नेऊन ठेवला. परत येऊन टाकीचं झाकण बसवलं आणि दार सताड उघडं टाकलं.

"बाहेर वाऱ्याने बर्फ टाकीत जातो!" वर्नर ओरडला. "दुसऱ्याच्या सौनात घुसायला लाज नाही वाटत?"

"लेम्पी, बाहेर ये! आत्ता! आहेस तशी!"

लेम्पी टॉवेल गुंडाळून, अंगातून वाफा निघत असलेली, बाहेर आली. तिने मशीन पाहिलं, भट्टी पाहिली आणि नाकाने वास घेतला. तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. नवऱ्याचे बूट पायात सरकवून ती आमच्याबरोबर बर्फात येऊन उभी राहिली.

"इथे पेट्रोल भरत होतास? मी आत असताना?"

"मग काय करू? ही बया मशीन घेऊन टपलेलीच होती. हिचे उपकार घेऊ?"

लेम्पी एरवी अगदी गरीब बाई. मी तिला आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाही तिने चढवला नाही.

"उद्यापासून आपली भिंत सेल्मा फोडेल," ती म्हणाली. "रोज. बर्फ वितळेपर्यंत."

"त्यापेक्षा मेलेलं परवडलं!"

"निघालाच होतास की मरायला. मला बरोबर घेऊन."

वर्नरने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी बोलून त्याला सोडवणार होते. मी का सोडवावं? लेम्पी माझ्या घराकडे चालू लागली होती. मी माझा कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला आणि तिच्यामागून निघाले. मागे वर्नर ते मशीन एकट्यानेच उंबऱ्यावरून बाहेर ओढत होता. त्याला मदत हवी का, हे आम्हा दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.