साहेबांचं मोकारिमाक्का

अमेरिकेत कॅरी गावाजवळची आमची मोटरींची कंपनी एका जपानी कंपनीने विकत घेतली तेव्हा माझं ग्रीन कार्ड अर्ध्या वाटेवर होतं. नोकरी गेली की अर्जही गेला, आणि आम्ही दोघं परत नागपूरला! मी लायब्ररीतून जपानीच्या कॅसेटी आणल्या आणि ड्राइव्ह करताना नफ्याचे शब्द घोकायला लागलो. रिएकी म्हणजे नफा. कुरोजी म्हणजे काळी अक्षरं, फायदा. आकाजी म्हणजे लाल अक्षरं, तोटा. बायको पोहे परतता परतता माझी परीक्षा घ्यायची. "एवढा अभ्यास कॉलेजात केला असता तर पहिले आला असतात," म्हणायची.

नवे साहेब ओसाकाचे, साठीला आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि हसून विचारलं, "मोकारिमाक्का?" हे कॅसेटीत नव्हतं, तेव्हा त्यांनीच इंग्रजीत सांगितलं, नफा होतोय ना? आता मी पडलो अतिशहाणा. एवढी घोकंपट्टी वाया कशाला घालवू? उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आमचं डिपार्टमेंट सहा महिने आकाजी, मशीन जुनी, कुरोजी व्हायला वर्ष तरी लागेल. साहेबांचं हसू विरलं.

मग त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा दिला. ओसाकाचे व्यापारी भेटले की असंच विचारतात, म्हणाले, आणि धंदा जोरात असो की बुडत असो, उत्तर एकच: "बोची बोची." म्हणजे आपलं 'चाललंय बरं'! अरे देवा! 'काय, कसं काय?' म्हणणाऱ्या माणसाला मी अख्खा ताळेबंद वाचून दाखवला होता. घरी सांगितलं तर बायको हसलीच नाही. "बॅगा काढू का?" एवढंच म्हणाली. त्या कॅसेटी लायब्ररीच्या नसत्या तर मी फेकूनच दिल्या असत्या.

पण डिपार्टमेंट बंद झालं नाही. साहेबांनी स्वतःच्या शब्दावर हेड ऑफिसकडून वर्षाची मुदत मागून घेतली. आम्ही जीव तोडून काम केलं. तोटा कमी झाला, पण कुरोजी काही झालं नाही. अकराव्या महिन्यात माझं कार्ड आलं. बाराव्यात डिपार्टमेंटला कुलूप लागलं आणि साहेबांना परत बोलावून घेतलं.

निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते खोक्यात पुस्तकं भरत होते. मी विचारलं, "मोकारिमाक्का?" याचं उत्तर आता मला पाठ होतं. साहेबांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "आकाजी."

कार्ड माझ्या खिशात होतं, आणि मला रडू आवरेना.