वायरमन सत्यवान आणि भिंतीतले तीन ठोके

तोंडवलीचा सत्यवान वायरमन निवृत्त झाला आणि भुतांच्या मागे लागला. भुतं माणसाच्या मागे लागतात हे आपण ऐकून आहोत. इथे सगळं उलटं. बत्तीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस घरी बसून करणार तरी काय? त्याने विजेचं क्षेत्र मोजणारा मीटर ऑनलाइन मागवला, आवाज टिपायला रेकॉर्डर घेतला, खोलीतला गारवा बघायला थर्मामीटर, आणि पावलं उमटतात का ते पाहायला घरचंच तांदळाचं पीठ. कुणाच्या घरात 'काय तरी आसा' असा निरोप आला की हा स्कूटर काढायचा.

नियम मात्र कडक. घरमालकाने बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. चहापलीकडे काही घ्यायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ नाही, नाक्यावर चर्चा नाही. आवाज ऐकणाऱ्यांना वेगवेगळं बसवून विचारायचं, म्हणजे एकाची भीती दुसऱ्याच्या तोंडात येत नाही. आधी मेन स्विच बंद करायचा, मग भुताचं बघायचं. आणि जे सापडेल ते तोंडावर सांगायचं. सहा वर्षांत चाळीस घरं झाली, भूत एकही नाही. कुठे माळ्यावर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, कुठे घूस, एका घरात तर शेजाऱ्याने चोरून ओढलेली वायर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून तो हसायचा. खरं कळलं की माणूस मोकळा होतो, अशी त्याची श्रद्धा होती. बिचाऱ्याची.

मग पिएदादबायने बोलावलं. तिचा मुलगा ब्रँडन दोन वर्षांपूर्वी होडी उलटून गेला. बाकीचे तिघे किनाऱ्याला लागले, तो लागलाच नाही. चर्चमध्ये मिस्सा झाली, पण पुरायला देह नव्हता, आणि कबर नाही तर मेणबत्ती लावायची कुठे? गेल्या दिवाळीपासून रोज दुपारी एकच्या सुमाराला त्याच्या खोलीच्या भिंतीवर तीन ठोके पडत. ब्रँडन जेवायला आला की मागचं दार असंच वाजवायचा. ठोके पडले की पिएदादबाय उठून त्याचं ताट वाढायची आणि समोर बसून बोलायची. गोव्याला दिलेली मुलगी क्लॉडिया फोनवर म्हणायची, आईला वेड लागलं.

"माका काय घालवूचा नाय रे," पिएदादबाय सत्यवानाला म्हणाली. "तो माझो झील आसा. तुझ्या मशिनीत तेका धर आणि क्लॉडियाक ऐकव. मगे ती गप रवतली."

सत्यवानाने सलग तीन दुपारी त्या खोलीत काढल्या. मीटर हलला नाही, पारा हलला नाही, पिठावर पाऊल नाही. ठोके मात्र रेकॉर्डरवर स्वच्छ आले. पिएदादबायने यंत्र गालाला लावून ते ऐकले आणि रडली. सत्यवानाला उगीचच वाटून गेलं, यावेळी खरंच तो असू दे.

चौथ्या दिवशी तो घराच्या मागे जाऊन उभा राहिला. शेजारचं होमस्टे गेल्या दिवाळीतच सुरू झालं होतं, आणि त्यांच्या विहिरीवरून येणारा पाइप पिएदादबायच्या भिंतीला चिकटून गेला होता. एक वाजता पंप चालू झाला, पाइपला धक्का बसला आणि सैल क्लॅम्प भिंतीवर तीनदा आपटला.

इथे त्याने हात मागे घ्यायला हवा होता. पण जित्याची खोड! सैल काही दिसलं की वायरमनचा हात पान्याकडे जातोच. त्याने क्लॅम्प आवळला, हात पुसले, आणि मग कुठे त्याच्या डोक्यात आलं की आत जाऊन सांगायचं काय. उद्या सांगतो म्हणून तो घरी निघून आला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता गेला, तर पिएदादबाय मागच्या दारात उभी. ताट वाढलेलं.

"आज तो येवक नाय," ती म्हणाली. "माझा काय चुकला काय रे?"

सत्यवानाने सगळं सांगितलं. पंप, पाइप, क्लॅम्प, पाना. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती भिंतीमागे गेली आणि तिने पाइपवरून हात फिरवला.

"दर्यान तेका एकदा नेल्यान," ती म्हणाली. "आता तू नेलंस."

त्या दिवशी सत्यवान जेवला नाही. चाळीस घरांतली भीती काढली म्हणून मिरवलं, आणि या घरात भीती नव्हतीच, हे त्याला आता कळत होतं. त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली. दुसऱ्या दिवशी साडेबाराला तो चोरासारखा भिंतीमागे गेला आणि क्लॅम्प पुन्हा सैल केला, अगदी पूर्वीइतकाच. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

एक वाजता ठोके पडले. तिन्ही, नीट. पिएदादबाय तव्यावर बांगडा परतत होती. तिने मान वर केली नाही.

"पंप लागलो," ती स्वतःशीच म्हणाली.