पुसली गेलेली खूण

"सात दिवस माझे, पुढचे तुमचे," असं प्रयोगशाळेतली बाई गोठ्यावरच्या काकांना नेहमी म्हणायची. गाईंचे गर्भ ती काचेच्या ताटलीत वाढवी. मग डॉक्टर ते गोठ्यातल्या गाईंच्या पोटात सोडत.

"सात दिवसांत मोकळ्या! मजा आहे बाई तुमची," काका हसायचे.

त्या सात दिवसांत काय घडतं, ते बाईला ठाऊक होतं. आईबापाकडून जनुकांवर आलेल्या जुन्या खुणा गर्भ हळूहळू पुसत जातो आणि नव्यानं मांडतो. मोजक्या तेवढ्या जपून ठेवतो. वाढ कुठं थांबवायची, ही खूण त्या जपायच्यांतली.

गेल्या थंडीत एका खेपेचे गर्भ अगदीच किडकिडे दिसले. बाईचा जीव तुटला. कुणाला न विचारता तिनं त्यांच्या पोषणाच्या पाण्यात सीरम, म्हणजे रक्ताचं पिवळसर पाणी, ठरल्याच्या दुप्पट घातलं. सातव्या दिवशी गर्भ असे टपोरे झाले, की डॉक्टरांना तिनं हाताला धरून दाखवायला आणलं.

त्या खेपेतली पहिली गाय आज अडली. चौघांनी दोर ओढला, तेव्हा कुठं वासरू आलं: दुप्पट वजनाचं, जीभ सुजून बाहेर लोंबलेली, मेलेलं. ऊन उतरायच्या आत गाईनंही मान टाकली.

"होतं असं एखादं," डॉक्टर हात धूत म्हणाले.

"एखादं नाही. सीरम मी वाढवलं होतं. वाढ थांबवणारी खूणच पुसली गेली असणार. त्या खेपेच्या अजून पाच गाभण आहेत. कळांची वाट बघू नका, पोट चिरून वासरं काढा."

"हळू बोला. वर कळलं तर नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. गाई राहू देत."

काका मेलेल्या गाईच्या उशाशी बसले होते. त्यांनी मान वर केली.

"का घातलंत जास्त?"

"मायेनं, काका."

"वैर तरी धरायचं होतं! वाचली असती."

पाचही गाईंच्या कानांवरचे नंबर बाईनं खडूनं भिंतीवर ठळक लिहिले, अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला लावला आणि फाटकाकडे चालू लागली. डॉक्टर मुकाट्यानं सुऱ्या उकळायला लागले. काका तेवढे गोठ्याच्या दारात आले आणि ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिले. हाक काही मारली नाही त्यांनी.