ओठांवर बोट आणि माझा भाव

गेल्या पावसाळ्यापासून माझी सख्खी आत्या माझ्याशी बोलत नाही, आणि त्याला कारण एक झुडूप आहे.

मी मूळचा जामसरचा. जीपच्या टपावर हिरड्याची पोती सांभाळत धंदा सुरू केला. आज जव्हारच्या बाजारात माझं दुकान आहे. माझ्याशी भाव करून कुणी हसत गेलेलं नाही. (मीसुद्धा नाही! भाव तुटला की माझी छाती धडधडते, हातांना घाम सुटतो.) डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. काळजी कमी करा. ओरडणंही." दोन्ही जमेनात, तेव्हा दाभोसा गावच्या याच सोनीआत्याने एक मुळी उगाळून दिली. आई गेल्यावर मला वाढवलं तेही तिनेच. मुळीने बरं वाटायचं, आणि ते मी गावभर सांगायचो.

ते ऐकून पुण्याच्या ऋता मॅडम दुकानात आल्या. वनस्पतींतले घटक वेगळे काढून त्यांतून घबराटीवर औषध मिळतं का, हे त्या शोधत होत्या.

"आधी उंदरांवर तपासतो," त्या म्हणाल्या.

"उंदरांना कसली चिंता?"

"थोडं घाबरवावं लागतं."

"मग माझ्या गोदामातले न्या. मला बघूनच थरथरतात!"

त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी आई दोन वर्षं दाराबाहेर पडलेली नाही हो."

मला वाईट वाटलं. पण मला वाईट वाटलं तरी डोक्यातला तराजू थांबत नाही.

मुळी द्यायला आत्या लगेच तयार झाली. संध्याकाळी मुळीच्या झुडपापाशी तांदूळ ठेवून तिने त्याला आवतण दिलं आणि आम्हाला बजावलं, "सकाळी वाटेत कुणी बोलायचं नाय. मुळीचा भाव तर करायचाच नाय. केला का तिचा गुण जातो, मग कुणालाच लागत नाय. कळलं का रं, सोमा?"

"कळलं, आते!"

सकाळी पुढे आत्या, खांद्यावर पहार, मध्ये मी, मागे मॅडम. ओढ्यापर्यंत मी दम धरला. मग मनात आलं, उद्या हे लोक बाटल्या भरून विकतील आणि आत्याला काय, नमस्कार?

"मॅडम, मुळीमागे पाच हजार," मी कुजबुजलो.

मॅडम गप्प.

गप्प बसणारं गिऱ्हाईक मी लांबून ओळखतो. माझीच युक्ती ती! "बरं, तीन."

गप्प.

"दीड! जीपचं भाडं माझं!"

मॅडमनी डोळे मोठे केले आणि ओठांवर एक बोट ठेवलं.

"एक हजार?" मी ओरडलो. "लाज वाटते का, मॅडम!"

झुडपावरची पाखरं उडाली. आत्या वळली.

"चला मागारी."

"अगं आते, भाव ठरला कुठे? तुटला!"

"तू केलास ना? झालं मग."

मॅडम रिकामी पिशवी घेऊन परत गेल्या. जीप सुटायची वेळ होईपर्यंत त्यांनी न बोलण्याचा नियम पाळला. मग एवढंच म्हणाल्या, "आत्यांना त्रास देऊ नका."

माझं म्हणणं अजून तेच आहे, मी आत्याच्या भल्यासाठीच बोललो! बायको विचारते, "आत्यांचं भलं आत्यांना विचारलंत?" आत्याने माझीही मुळी बंद केली आणि बायकोकडे निरोप दिला, "भाव केला त्यानंच झाडाची माफी मागावी. मग त्या पोरीला मुळी देईन. सोम्याचं बघू."

कित्येक महिने मी ताठ राहिलो. पण दुकानाच्या दारात उभा राहिलो की मॅडमची आई आठवायची. शेवटी परवा झुडपापाशी गेलो. ओंजळभर तांदूळ ठेवले, डोकं टेकलं. "चुकलो," म्हणालो, आणि खरंच डोळे भरून आले.

मग हात आपोआप पुढे गेला आणि अर्धे तांदूळ परत पिशवीत!

"हे आत्ता," मी झुडपाला सांगितलं, "बाकीचे माफी मिळाल्यावर."

मागे पहार आपटल्याचा आवाज झाला. आत्या! माझ्यासाठी झाडाशी चार शब्द बोलायला तीही आली होती.

आता दोघांची माफी मागायची आहे, आणि छाती अशी धडधडते आहे की मुळी घेतल्याशिवाय ते काही जमायचं नाही!