पैशाच्या विरोधात पाच मिनिटं

वादविवाद स्पर्धेला एका कॉलेजमधून दोघं जातात. एक जण विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. आपल्याला स्वतःला काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. मला हे आधी माहीत नव्हतं. मी दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असं बरंच काही मला आधी माहीत नसायचं.

विषय होता, 'संपत्तीमुळे माणूस सुखी होतो'. माझी जोडीदार मुलुंडची. तिच्या वडिलांचं टाइल्सचं मोठं दुकान आहे. ती सरांना म्हणाली, "सर, मी विरोधात बोलू का? मला त्या बाजूचे मुद्दे जास्त सुचतायत."

सर म्हणाले, "तुझ्या तोंडी ते शोभणार नाही. हिच्या तोंडी शोभेल."

मी मान हलवली. आपल्या तोंडी काहीतरी शोभतं, याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

सरांनी बजावलं होतं की पुस्तकातली वाक्यं नकोत, आयुष्यातली उदाहरणं हवीत. म्हणजे मला एक श्रीमंत दुःखी कुटुंब हवं होतं आणि एक गरीब सुखी कुटुंब. श्रीमंतांपैकी मी फक्त जोडीदाराला ओळखत होते. एका रविवारी सरावाला म्हणून तिच्या घरी गेले.

घर मोठं होतं. तीन बाथरूम होती. बैठकीच्या खोलीत तिचे बाबा खाली चटईवर बसून आजीबरोबर पत्ते खेळत होते. आजी ओरडत होती, "लबाडा, मांडीखालचा एक्का काढ आधी!" बाबा म्हणत होते, "आई, शपथ, नाहीये." एक्का मांडीखालीच होता. तिची आई इतकी हसली की हातातला चहा सांडला. मग त्यांनी मलाही खेळायला बसवलं. मी तिन्ही डाव हरले आणि मला आंब्याची बर्फी मिळाली.

संध्याकाळपर्यंत थांबले. कोणी कोणाशी धड भांडलंसुद्धा नाही. शेवटी मी जोडीदाराला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुमच्याकडे काही टेन्शन वगैरे असतं का गं?"

"असतं ना. बाबांना डायबेटीस आहे."

"तो पैशामुळे झाला का?"

"नाही गं. पेढ्यांमुळे."

मी वहीत काहीच लिहिलं नाही.

राहिलं गरीब सुखी कुटुंब. त्यासाठी कुठे जायची गरज नव्हती. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत आम्ही घाटकोपर पश्चिमेला डोंगरावरच्या वस्तीत एका खोलीत राहायचो. मग तिथली घरं तोडली आणि आम्हाला खाली पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर घर मिळालं. बाबा शाळेची बस चालवतात. ते पाहुण्यांना सांगतात, "आता आपण करोडपती आहोत. फक्त घर विकता येत नाही, एवढंच." आई चार घरी पोळ्यांची कामं करते. करोडपती झाल्यावरही चारच घरी करते.

आई आमच्या पोळ्या लाटत होती तेव्हा मी विचारलं, "आई, डोंगरावर आपण सुखी होतो ना?"

"कोण?"

"आपण. सगळे."

"संडासाची रांग आठवते का तुला?"

मला आठवत होती. संडास वस्तीच्या वरच्या टोकाला होता, आणि अंधार पडल्यावर तिथे बायका एकट्या जायच्या नाहीत. म्हणून आई दुपारी चारनंतर पाणीच प्यायची नाही. उन्हाळ्यातसुद्धा नाही. लहानपणी मला वाटायचं की मोठ्या बायकांना तहान लागत नाही. नव्या घरात आलो त्या पहिल्या रात्री आई तांब्याभर पाणी घेऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि सगळं प्यायली. तेव्हापासून ती रोज झोपायच्या आधी तांब्याभर पाणी पिते, आणि बाहेर जाताना बाटली घेतल्याशिवाय निघत नाही.

हे उदाहरण माझ्या बाजूचं नव्हतं. त्यामुळे तेही वहीत लिहिलं नाही.

मी सरांना म्हटलं, उदाहरणं मिळत नाहीत. सर अनुभवी होते. त्यांनी बसल्या जागी एक परिच्छेद लिहून दिला. 'डोंगरावरच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत, अध्यक्ष महाराज, आमच्याकडे काहीच नव्हतं. पण आम्ही जे हसलो, ते या सिमेंटच्या इमारतीत हरवलं. माझ्या आईच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मी पुन्हा कधी पाहिलं नाही.' इथे दोन क्षण थांबायचं, असंही त्यांनी कंसात लिहिलं होतं.

परिच्छेद चांगला होता. जोडीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. आई कामावर गेल्यावर मी तो बाबांसमोर म्हणून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

"पैशाने सुख मिळत नाही, असं बोलल्यावर बक्षीस काय देतात?"

"रोख देतात."

"बरं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आई येणार आहे ऐकायला. दोन घरी सुट्टी सांगितलीय तिने."

मला हे माहीत नव्हतं. आई माझ्या कुठल्याच कार्यक्रमाला कधी आली नव्हती. कामाच्या वेळा जुळायच्या नाहीत.

"मग हे बोलू का नको?"

"बोल की. स्पर्धा आहे." मग बसची किल्ली शोधत म्हणाले, "तिला वाईट वाटेल असं नाही. पण कोण जाणे."

स्पर्धा अंधेरीच्या एका कॉलेजात होती. आईने लग्नाकार्याला नेसायची जांभळी साडी नेसली होती. ती तिसऱ्या रांगेत एकटी, पर्स मांडीवर घेऊन बसली. जोडीदार माझ्या आधी बोलली, आणि फारच छान बोलली. मग माझा नंबर आला.

पहिली दोन मिनिटं ठीक गेली. तहान आणि हाव यांत फरक आहे, वगैरे सांगून झालं. "डोंगरावरच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत, अध्यक्ष महाराज," मी म्हटलं आणि आईकडे पाहिलं. आई पर्समधून बाटली काढून पाणी पीत होती. मुद्दाम नाही. तिला तहान लागली असेल. दुपारचे साडेचार वाजले होते.

मी थांबले. दोन क्षणांपेक्षा बरंच जास्त थांबले. मग म्हटलं, "अध्यक्ष महाराज, हा मुद्दा मी सोडून देते."

सभागृहात काही जण हसले. त्या मुद्द्याच्या पुढे माझ्याकडे फक्त समारोप होता. तो मी केला आणि खाली उतरले. पाच मिनिटांपैकी तीन झाली होती.

जोडीदाराला पहिलं बक्षीस मिळालं. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "यार, तू ते का नाही बोललीस? सांघिक ढाल आपलीच होती." सर म्हणाले, "वेळेच्या आत संपवलंस, ते चांगलं केलंस."

परत येताना मेट्रोत आईला बसायला जागा मिळाली. मी तिच्यासमोर उभी होते. साकीनाका गेल्यावर ती म्हणाली, "एवढंच होतं?"

"हो."

"दोन घरी सुट्टी घेतली मी."

"विसरले मधलं."

"विसरली नाहीस. बाबांनी सांगितलंय मला काय ते. माझ्या चेहऱ्याबद्दल होतं ना काहीतरी? मी वाट बघत होते."

मी म्हटलं, "ते खरं नव्हतं, म्हणून सोडलं."

आईने थोडा विचार केला. "अगदीच खोटं नव्हतं. हसायचो आपण तिथे. सुखीच होते की मी."

"रांग, पाणी, सगळं असून?"

"तेव्हा गुडघे दुखत नव्हते माझे."

हे कुठल्या बाजूचं धरायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिला सरळच विचारलं, "मग परत जाशील का तिकडे?"

"वेड लागलंय का तुला?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या बाईने मोबाइलमधून मान वर केली. आई त्या बाईलाच सांगू लागली, "माझी मुलगी. भाषण करते. पैसा वाईट म्हणून."

बाई म्हणाली, "अरे वा. जिंकली का?"

"नाही," आई म्हणाली. "मधेच सोडून दिलं." आणि पर्समधली बाटली काढून तिने माझ्यापुढे धरली. "पी. घसा सुकला असेल."

बाटलीत अर्ध्याहून कमी पाणी होतं. मी दोनच घोट घेतले आणि तिला परत दिली.

"पी गं सगळं," आई म्हणाली. "घरी आहे की."