वर्तणुकीचा रकाना

बजाजनगरच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं लेखनिक होतो. लेखनिक म्हणजे ज्याला कोणी 'सर' म्हणत नाही, पण ज्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय शाळेतला कागद हलत नाही, असा माणूस. शाळा सोडल्याचे दाखले मीच लिहायचो. दाखल्यात वर्तणुकीचा एक रकाना असतो. तो लिहायचा नसतो. माझ्या आधीच्या लेखनिकाने 'चांगली' असा रबरी शिक्का करून घेतला होता, तोच मी चालवला. बाकं मोडणारी, कॉप्या करणारी, मास्तरांच्या गाडीतली हवा सोडणारी, सगळी पोरं माझ्या टेबलावरून 'चांगली' होऊन गेली. त्यातले काही पुढे पुढारीही झाले. त्यांच्याविषयी मी बोलत नाही.

एकदाच मी तो रकाना हाताने लिहिला.

तो मुलगा नववीत होता. आईबाप पाचोडकडचे, कामासाठी इकडे आलेले. बापाची तीन बोटं कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेली आणि ठेकेदाराने त्याला परत बोलावलं नाही. मग तो गावी जाऊन बसला. आई एका कंपनीत झाडलोटीला, सकाळी सहालाच घराबाहेर. आमच्याच गल्लीत त्यांची खोली, तिथे हा आणि धाकटी बहीण. पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, तोही नेमका शाळेच्या पहिल्या तासाला. पोरगा पाइप ओढायचा, आधी माझ्या घरचा ड्रम भरायचा, मग स्वतःचा. माझ्या बायकोचे गुडघे धरलेले होते आणि तो तिला काकू म्हणायचा. हजेरीपटावर त्या दोन दिवशी त्याच्या नावापुढे लाल शाईची गैरहजेरी पडायची. महिनाअखेरीला पटाची बेरीज मीच करायचो. तो गैरहजर का, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण पटात कारणाचा रकाना नाही, असं म्हणून मी पट मिटायचो.

एका दुपारी एका बंद शेडमागे पडलेल्या विजेच्या मोटारीतली तांब्याची तार काढताना तीन पोरांना रखवालदाराने धरलं. तिघंही नववीतली, तिघांच्याही हातात तार. पोलिसांनी दम भरून सोडून दिलं. गल्लीने मात्र सोडलं नाही, निदान एकाला. एकाचा बाप सुपरवायझर होता, म्हणून ते पोर 'संगतीने बिघडलं'. दुसऱ्याचा बाप भाड्याच्या खोल्यांचा मालक, म्हणून त्याचं 'वयच वेडं'. आणि तिसरा, आमचं पाणी भरणारा, मुळातलाच चोर. गिरणीवर दळणाच्या रांगेत एक गृहस्थ मला म्हणाले, "आई दिवसभर बाहेर, बापाचा पत्ता नाय, असल्या घरात दुसरं काय निपजणार?" त्यांचा स्वतःचा दिवटा त्या वेळी समोरच्या टपरीमागे सिगारेट ओढत उभा होता. मी मान हलवली आणि दळण घेऊन घरी आलो.

शाळेत पालकांची सभा झाली. सुपरवायझर आणि खोलीमालक पहिल्या रांगेत बसले होते. त्या आईला कोणी कळवलंच नव्हतं. मुख्याध्यापकांनी मला हजेरीपट आणायला सांगितला आणि तो उंच धरून म्हणाले, "बघा, आठवड्यातून दोनदा दांडी!" मागून कोणीतरी म्हणालं, "कुठं भटकत आसंल कोणाला ठाव." मला तोंड होतं. मी ते उघडलंही. "सर, मागच्या महिन्याचं पान पुढे आहे," एवढंच त्यातून निघालं.

इतर दोघांना समज आणि याला दाखला, असं ठरलं. मुख्याध्यापक मला म्हणाले, "वर्तणूक खरी काय ती लिहा. पुढच्या शाळेला कळायला नको?" मी लिहिलं, 'समाधानकारक नाही'. माझ्या अक्षराचं शाळेत कौतुक होतं. त्या दिवशीही ते छान आलं.

दुसऱ्या दिवशी खाडा करून त्याची आई आली. दाखला तिने कोणाकडून तरी वाचून घेतला होता.

"साहेब, चुकलं लेकरू. म्या लई हाणलं त्याला. पन समद्या पोरांना मारता तोच शिक्का मारा की. ह्यो कागद घिऊन गेलं तर त्याला कोन दारात उभं करनार?"

"बाई, माझ्या हातात काय आहे? वरून सांगितलंय."

शिक्का माझ्या हाताशीच, शाईच्या डबीवर पडलेला होता. तिने तो पाहिला. मग दाखल्याची घडी करून पदराला बांधली.

"मंगळवारी टँकर यायचाय," जाताना ती म्हणाली. "काकूंना म्हनावं ड्रम भाईर काढून ठिवा. त्यो भरील."

आणि खरंच, मंगळवारी त्याने भरला. आता आड यायला शाळाही नव्हती. मी खिडकीआड उभा राहिलो, बाहेर गेलो नाही. ते पाणी मी प्यालो. याची मला आजही लाज वाटते.

दोन शाळांनी दाखला वाचून परत केला. तिसरीकडे तो गेलाच नाही. दिवसभर भंगाराच्या दुकानात बसू लागला. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्या दुकानातून जे शिकायचं ते शिकला आणि ट्रकची बॅटरी काढताना पकडला गेला. त्याला निरीक्षणगृहात पाठवलं, ज्याला लोक रिमांड होमच म्हणतात. गल्लीतल्या लोकांनी एकमेकांना टाळ्या द्यायच्याच काय त्या बाकी होत्या. "आम्ही म्हणत नव्हतो?" मोठं भाकीतच खरं झालं होतं ना!

अशा मुलांची चौकशी करणाऱ्या अधिकारी बाई शाळेत आल्या. त्यांच्या अहवालावर तो घरी येणार की आतच राहणार, हे बरंचसं ठरणार होतं. त्यांनी दाखल्यांच्या स्थळप्रती, म्हणजे शाळेकडे राहणाऱ्या प्रती, मागितल्या आणि पानं उलटत गेल्या. शिक्का, शिक्का, शिक्का. मग माझं अक्षर. पुढे दहावी होऊन गेलेली ती दोन पोरं, त्यांच्यापुढे पुन्हा शिक्का.

"ही दोघं त्याच तारेच्या प्रकरणातली ना? मग याच्याच पुढे हाताने का?"

"मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, मॅडम."

"बरं. आणि गैरहजेरी? आठवड्यातून दोनदा कुठे जायचा हा?"

त्यांनी पेन उघडून धरलं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो, ना मुख्याध्यापक, ना पहिली रांग. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला माहीत होतं तर तेव्हा का नाही बोललात? नोकरीची माझी चार वर्षं उरली होती.

"ते पटात नाही, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. तो आतच राहिला.

चार वर्षांनी मी निवृत्त झालो. हार, नारळ, भाषणं झाली. नव्या लेखनिकाने माझ्या सेवेचा दाखला संगणकावर छापला होता. वर्तणुकीपुढची जागा त्याने मोकळी ठेवली होती आणि तिथे माझी आठवण म्हणून तो जुना 'चांगली'चा शिक्का मारला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो.

दाखला बायकोने भिंतीला लावलाय. टँकर आला की आता मीच ड्रम घेऊन जातो. रांगेत त्या मुलाची आई असते. मला आता पाइप ओढवत नाही, तो ती धरते आणि आधी माझा ड्रम भरून देते.